घरी संगीत करायला कॉम्प्युटर जुळवताना पैसा कुठे घालावा, कुठे नको

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे स्वतः हार्मोनियम वाजवतात. घरीच भजनं, भावगीतं आणि हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत करायचं आहे. गाणं, हार्मोनियम आणि तबला प्रत्यक्ष रेकॉर्ड होणार. बासरी, व्हायोलिन, वाद्यवृंद वगैरे सॉफ्टवेअरमधून, कीबोर्डवर वाजवून घ्यायचं. हाताशी ऐंशी-नव्वद हजार रुपये आहेत. दुकानदाराने गेमिंगचा कॉम्प्युटर सुचवला आहे: मोठं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, रंगीत दिवे. तो घ्यावा का?

नका घेऊ. दुकानदार फसवतोय असं अजिबात नाही. त्याच्याकडे येणारी बहुतेक मुलं खेळण्यासाठी कॉम्प्युटर घेतात आणि त्यांच्यासाठी ही यादी बरोबर आहे. पण गेम आणि गाणं यांची परीक्षाच वेगळी. गेममध्ये एखादी फ्रेम हुकली तर डोळ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. आवाजाचा एक तुकडा हुकला तर ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो आलापाच्या मधोमध आला तर चांगला जमलेला टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) वाया जातो. गेली पंधरा-सोळा वर्षं मी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर जुळवतो आणि स्वतःच्या खोलीत रेकॉर्डिंगही करतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ ही क्वचित असते. ‘मधूनच टकटक येते’, ‘पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो’ आणि ‘स्पीकरमधून घूंऽऽ येतं’ याच तीन तक्रारी फिरून फिरून येतात. तिन्हींचा बंदोबस्त सुटे भाग निवडतानाच करता येतो.

तुम्ही वादक आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. कॉम्प्युटर आवाज सलग हाताळत नाही, तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. ४८,००० हर्ट्झला रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ४८,००० मोजमापं. प्रत्येक मोजमाप म्हणजे एक सॅम्पल. एका तुकड्यात किती सॅम्पल घ्यायची ते माप म्हणजे बफर. बफर १२८ ठेवला की १२८ सॅम्पलचा एक तुकडा होतो, २.६७ मिलिसेकंदांचा. हे एक आवर्तन समजा. या आवर्तनात प्रोसेसरने सगळ्या ट्रॅकची, सगळ्या इफेक्टची कामं उरकून समेवर यायचं. सेकंदाला ३७५ वेळा. तासाभराच्या कामात साडेतेरा लाख समा होतात आणि त्यातली एक चुकली तरी ऐकू येते. चौगुनीत कितीही तयार असलेला, पण शंभरातून एकदा सम सोडणारा तबलजी तुम्ही साथीला बसवणार नाही. जाहिरातीत छापलेले वेगाचे आकडे सरासरीचे असतात. आपल्याला हवी ती दर आवर्तनाची खात्री.

मग बफर मोठाच ठेवला तर? मिक्सिंग करताना तसंच करायचं, १०२४ वर ठेवून निवांत काम करायचं. पण १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि हा उशीर जाताना-येताना दोन्हीकडे लागतो. कीबोर्डवर बोट ठेवलं आणि बासरी मागाहून वाजली की हाताची लय बिघडते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरसारखा. तेवढा बहुतेकांना चालतो, त्यापुढे त्रास सुरू होतो. गाणाऱ्यांना तर त्याआधीच, कारण स्वतःचा आवाज त्यांना कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येतो, आणि हेडफोनमधून तोच किंचित मागून आला की दोन्ही एकमेकांत मिसळून पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज होतो.

यातला एक भाग सोपा आहे. माइक आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर (आपल्याकडे सगळे त्याला साउंड कार्डच म्हणतात) डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असते. ती चालू केली की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता थेट हेडफोनला येतो. त्यामुळे गाणं, हार्मोनियम, तबला रेकॉर्ड करताना बफर किती आहे याची फिकीर नको. तो छोटा लागतो फक्त कीबोर्डवरून सॉफ्टवेअरची वाद्यं वाजवताना. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरची खरी कसोटी बासरी आणि व्हायोलिन वाजवताना लागणार आहे. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

प्रोसेसर. एका ट्रॅकवर वाद्य, त्यावर ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणारा), त्यावर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), त्यावर रिव्हर्ब (घुमारा देणारा) अशी इफेक्टची साखळी असते. प्रत्येकाला आधीच्याचा निकाल हातात आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, म्हणून ती अख्खी साखळी एका वेळी एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच कामगारावर, चालते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात, पण शेवटी सगळं मास्टर ट्रॅकवर एकत्र येतं आणि तिथली साखळी पुन्हा एकच. शिवाय रीपर, क्यूबेस यांसारखी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर आधी रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकचं काम पुढचं पुढचं करून ठेवतात, पण तुम्ही या क्षणी जे वाजवताय ते त्यांना आधी कसं कळणार? ते त्या २.६७ मिलिसेकंदांतच करावं लागतं, एकाच कोअरला. म्हणून सोळा किंवा चोवीस कोअरच्या मागे लागू नका. प्रत्येक कोअर दमदार असलेले सहा किंवा आठ कोअर पुरतात.

तुमच्या बजेटमध्ये मी एएमडीचा रायझन ५ ७६०० घेईन, आणि थोडी ओढाताण जमली तर आठ कोअरचा रायझन ७ ७७००. दोन्ही ६५ वॅटच्या वर्गातले आहेत, म्हणजे थंड ठेवायला सोपे, आणि थंड म्हणजे शांत. दोन्हींत स्क्रीन चालवण्यापुरतं ग्राफिक्स आतच आहे. इंटेल घ्यायचा असेल तर शेवटी ‘एफ’ असलेलं मॉडेल टाळा. त्यात ग्राफिक्स नसतं आणि मग कार्ड घ्यावंच लागतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे कालांतराने बिघाड होत होता. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य करून बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे या पिढ्यांतला वापरलेला प्रोसेसर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आधीच्या मालकाने बायोस अपडेट केलं होतं की नाही हे कळायला मार्ग नाही.

ग्राफिक्स कार्ड नको. नाटकांचे व्हिडिओ एडिट करायची वेळ आली तर तेव्हा घ्या. मदरबोर्डवर जागा तशीच राहते. आज घेतलं तर तुमच्या पैशाचा मोठा वाटा जाईल, वर दोन-तीन पंखे वाढतील, आणि काही कार्डांच्या कॉइलमधून बारीक चिरचिर येते ती कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइक बिनचूक पकडतो.

रॅम ३२ जीबी. का, ते सांगतो. कॉन्टॅक्टसारखं, वाद्यं वाजवून देणारं सॉफ्टवेअर वाद्याचं प्रत्येक सॅम्पल पूर्ण रॅममध्ये घेत नाही. प्रत्येकाचा सुरुवातीचा छोटा तुकडा, समजा ६० केबी, रॅममध्ये ठेवतं आणि सूर वाजू लागला की उरलेलं डिस्कवरून ओढत राहतं. (इथे सॅम्पल म्हणजे रेकॉर्ड केलेला एकेक सूर, मघाशी म्हटलेलं मोजमाप वेगळं. शब्द एकच आहे, त्याला इलाज नाही.) व्हायोलिनच्या एका तपशीलवार संचात पाच हजार सॅम्पल असली तर ३०० एमबी झाली. असे वीस संच उघडले तर ६ जीबी. विंडोज, सॉफ्टवेअर, रिव्हर्ब धरून १६ जीबी भरत आलं. ३२ मध्ये श्वास घ्यायला जागा राहते. ६४ ची गरज मोठ्या वाद्यवृंदाचे ट्रॅक रोज रचणाऱ्याला, तुम्हाला नाही.

दोनच पट्ट्या घ्या, १६-१६ च्या, एकाच पाकिटातल्या. डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये चारही खाचा भरल्या की मेमरीचा वेग खाली येतो आणि कधीकधी कॉम्प्युटर सुरूच व्हायला कुरकुरतो. ‘आज दोन आठच्या टाका, पुढे अजून दोन टाकू’ हा सल्ला इथे चालत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, ते तुमच्या बजेटला झेपत नसतील तर आज १६ ची एकच पट्टी लावा आणि नंतर अगदी तसलीच दुसरी घ्या. संगीताच्या कामाला एका पट्टीने थोडा फरक पडतो, काम अडत नाही. दिव्यांच्या पट्ट्या आणि साध्या पट्ट्या यांत आवाजाच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

डिस्कबद्दल एक गैरसमज आहे की रेकॉर्डिंगला प्रचंड वेगाची डिस्क लागते. हिशेब करा. २४ बिट, ४८,००० हर्ट्झ, एक माइक: सेकंदाला १४४ केबी. आठ माइक एकदम लावले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही. हे जुनी हार्ड डिस्कही हसत करते. वेग लागतो तो वाद्यांची हजारो छोटी सॅम्पल इकडून तिकडून एकाच वेळी ओढायला, आणि तिथे हार्ड डिस्कची सुई धावून धावून थकते. म्हणून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, हवीच. पण सर्वांत महाग, सर्वांत नवीन पिढीची नको. १ टीबीची मध्यम दर्जाची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) विंडोज आणि चालू कामासाठी, आणि दुसरी १ टीबीची, अगदी साटा (जुन्या, कमी वेगाच्या) प्रकारची सुद्धा चालेल, वाद्यांच्या लायब्ररीसाठी. आज एकच परवडत असेल तर एकच घ्या, फक्त मदरबोर्डवर एनव्हीएमई बसवायची दुसरी खाच (एम.२) आहे ना बघा. फिरती हार्ड डिस्क कॅबिनेटच्या आत नको. तिची घरघर आणि खडखड दोन्ही त्रासदायक. बॅकअपसाठी बाहेरची घ्या, काम झालं की वायर काढून कपाटात. गाण्याची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये आणि दुसरी या डिस्कवर असल्याशिवाय मी कुणाचंही रेकॉर्डिंग संपलं असं मानत नाही.

मदरबोर्डमध्ये बी६५० चिपसेटचा साधा, मध्यम किमतीचा बोर्ड पुरेसा आहे. त्याच्या खोक्यावर ‘स्टुडिओ दर्जाचा आवाज’ असं काही लिहिलेलं असेल तर त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका, कारण तुमचा आवाज बोर्डावरून जाणारच नाही, तो साउंड कार्डातून जाणार. बघायचं ते हे: पाठीमागे पुरेसे यूएसबी पोर्ट आणि पंखे जोडायला निदान तीन-चार जागा. साउंड कार्ड नेहमी मागच्या पोर्टला, थेट. हबमधून नाही, समोरच्या पोर्टला नाही. यूएसबी २ च पुरतं. त्याची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि दोन चॅनेलना लागतात जेमतेम अडीच. जुळवल्यावर पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करा. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेच्या काही बोर्डांवर यूएसबी मधेच तुटायचं आणि ते बायोसच्या अपडेटनेच मिटलं होतं. गेम खेळणाऱ्याचा तेव्हा माऊस क्षणभर अडायचा. रेकॉर्डिंग करणाऱ्याचा टेक जायचा.

आता शांतता. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ गायिकेचे अभंग माझ्या खोलीत रेकॉर्ड केले. तेव्हाचा माझा कॉम्प्युटर हेडफोन लावून ऐकताना शांत वाटायचा. चार तासांचं काम झालं, बाई समाधानाने घरी गेल्या. रात्री मिक्स करायला बसलो, आवाजावर कॉम्प्रेसर लावला, आणि दोन ओळींच्या मधल्या विश्रांतीत पंख्याची घरघर वर आली. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच उचलतो. दहा-बारा डेसिबल उचलले की जे ऐकू येत नव्हतं ते येतं. शिवाय तानपुरा. तानपुऱ्याचा नाद हळू आणि सलग असतो, त्याच्या मागे लपायला पंख्याला जागाच नाही. घरघर सॉफ्टवेअरने काढली तर जवारीची चमकही जाते. ते अभंग त्यांना पुन्हा येऊन गावे लागले. सत्तरीच्या बाईंना दुसऱ्यांदा जिने चढायला लावले याचं मला आजही वाईट वाटतं.

उपाय महाग नाही. प्रोसेसरच्या खोक्यात छोटा कूलर येतो. तो वापरू नका. त्याच्या जागी १२० मिलिमीटर पंख्याचा उंच हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) लावा. डीपकूल, थर्मलराइट यांचे मध्यम किमतीचे कूलर ६५ वॅटच्या प्रोसेसरला भरपूर होतात. नॉक्टुआ किंवा बी क्वाएट घेता आला तर उत्तमच. छोटा पंखा जेवढी हवा किंचाळत ढकलतो तेवढीच मोठा पंखा संथपणे ढकलतो. कॅबिनेट घेताना समोरून आणि वरून हवा खेळेल असं, आणि शक्य तर १४० मिलिमीटरचे पंखे बसतील असं बघा. काचेची बाजू असली तरी बिघडत नाही, पण पत्रा जाड असू द्या. पातळ पत्रा स्वतःच थरथरून वाजतो. कॅबिनेटच्या पत्र्यावर हाताने ठोका, दुकानातच. डबा वाजल्यासारखं वाजलं तर दुसरं दाखवा म्हणा.

आणि आपल्या हवेचा विचार करा. परदेशी चाचण्यांत ‘हा कूलर शांत आहे’ असं लिहिलेलं असतं ते वीस-बावीस अंशांच्या खोलीतलं. आपण मे महिन्यात रेकॉर्डिंगसाठी सीलिंग फॅन बंद करतो, एसी असला तर तोही बंद करतो, रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या लावतो. अर्ध्या तासात खोली तापते आणि नेमका तेव्हा कॉम्प्युटरचा पंखा वेग घेतो. म्हणून कूलर गरजेपेक्षा एक पायरी मोठा घ्यायचा. बायोसमध्ये जाऊन पंख्याचा वेग असा बांधायचा की ७० अंशांपर्यंत तो संथच राहील आणि तापमान क्षणभर वर गेलं म्हणून लगेच उसळी मारणार नाही. कानाला स्थिर आवाज कमी खुपतो, चढउतार जास्त खुपतो. हे बंधन घालायला वीस मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर दमट हवेत कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्यात धूळ जास्त, तिथे समोरची जाळी दर महिन्याला साफ करा. जाळी तुंबली की पंखे जोरात फिरतात. आणि आवाज कमी व्हावा म्हणून कॉम्प्युटर बंद कपाटात ठेवायचं अजिबात करू नका. त्यापेक्षा तो शेजारच्या खोलीत ठेवून भिंतीतून वायरी आणा. यूएसबी २ ची साधी वायर ५ मीटरपर्यंत चालते, तेवढ्यात बहुतेक घरांत काम भागतं.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. हा भाग दिसत नाही म्हणून दुकानात नेमकी इथेच काटकसर होते. ग्राफिक्स कार्ड नसताना तुमचा कॉम्प्युटर दोनशे वॅटच्या आतच खेळेल, तरी चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या, ८० प्लस ब्रॉंझ किंवा गोल्ड प्रमाणपत्राचा. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालणारा एसएमपीएस तापत नाही, आणि न तापणाऱ्याचा पंखा जवळजवळ फिरतच नाही. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस माझ्या घरात तरी लागणार नाही.

पण एसएमपीएसच्याही मागे भिंतीतली वीज आहे. स्पीकरमधून येणाऱ्या घूंऽऽ आवाजाचं मूळ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडलं आहे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात किंवा माइकच्या जाळीला ओठ लागला आणि झिणझिण्या आल्या, तर समजा तिथली अर्थिंगची तिसरी पिन नुसती नावाला आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे, अर्थ नसेल तेव्हा पत्र्यावर निम्म्या दाबाची, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासची वीज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तोच आवाजात उतरतो. जुन्या वाड्यांत, चाळींत, कित्येक नव्या इमारतींतही हे पाहिलं आहे. कॉम्प्युटर घेण्याआधी वायरमनला बोलवा आणि अर्थ व न्यूट्रल यांच्यामधला दाब मोजायला सांगा. तो एक-दोन व्होल्टच्या वर असू नये. अर्थिंग नीट करून घेण्याचा खर्च मी कॉम्प्युटरच्या बजेटमध्येच धरायला सांगतो.

त्यानंतर कॉम्प्युटर, साउंड कार्ड, स्पीकर, मॉनिटर सगळं एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावरून घ्या, म्हणजे वेगवेगळ्या अर्थमधून वर्तुळ तयार होत नाही. साउंड कार्ड ते स्पीकर या वायरी बॅलन्स्ड (बाहेरची घूं सहसा न पकडणाऱ्या) घ्या, दोन काळ्या रेघांच्या टीआरएस किंवा एक्सएलआर. आणि कुणी घूं घालवायला अर्थची पिन काढून टाका म्हटलं तर ऐकू नका. घूं जाते, पण मग बिघाडाच्या वेळी वीज जायला उरतो तो माइक धरलेल्या गायकाचा हात. अशा कामात माणूस दगावू शकतो.

लोडशेडिंगचं गाव असेल तर १ केव्हीएचा यूपीएस लावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का बघा; चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, तो सगळ्या ट्रॅकभर भुणभुण पसरवतो. वीज गेली की यूपीएसवर फक्त काम सेव्ह करायचं आणि बंद करायचं. यूपीएस बीप मारत असताना गाणं होत नाहीच.

साउंड कार्ड हा तुमच्या यादीत नसलेला पण सगळ्यात आधी धरायचा खर्च. फोकसराइट स्कार्लेट २आय२, ऑडिएंट ईव्हो ४, मोटू एम२ यांपैकी कुठलंही तुमच्या कामाला साजेल. हात आखडता असेल तर बेहरिंगर यूएमसी२०४एचडी. सगळ्यांत कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टची सोय आहे. गायन, हार्मोनियम आणि तबला एकदम घ्यायचे असतील तर मात्र दोन माइक पुरणार नाहीत: तबल्याला एक, डग्ग्याला एक, गळ्याला एक, हार्मोनियमला एक. मग चार माइकचंच कार्ड बघा आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी आणा. कार्ड निवडताना प्रीॲम्पच्या (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागाच्या) गोडव्यावर लोक तास तास बोलतात. मी आधी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर, बघतो. कंपनीचा स्वतःचा असिओ (कमी उशिराने आवाज पोहोचवणाऱ्या पद्धतीचा) ड्रायव्हर असला पाहिजे. चांगला ड्रायव्हर १२८ च्या बफरला जाऊन-येऊन सात ते दहा मिलिसेकंदांत काम करतो. वाईट ड्रायव्हर तुमचा सगळ्यात महाग प्रोसेसरही लंगडा करतो.

ड्रायव्हरवरून टकटकीची एक हकिगत. मागे एका मित्राचा नवा कोरा, भक्कम कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी टक् करायचा. रॅम बदलली, साउंड कार्ड बदललं, विंडोज पुन्हा टाकलं. दोन दिवस गेले. शेवटी वायफाय बंद केलं आणि टकटक थांबली. वायफायचा ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसरला काही मिलिसेकंद धरून ठेवत होता. तेवढ्यात आवाजाचं आवर्तन निघून जायचं. प्रोसेसर तेव्हा दहा टक्केही वापरात नव्हता. लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो अर्धा तास चालू ठेवला की कुठला ड्रायव्हर वाट अडवतो ते नावानिशी दाखवतो. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय, ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. विंडोज ११ टाका. विंडोज १० ची अद्ययावत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. सॉफ्टवेअरवर अजून काही ठरलं नसेल तर रीपरपासून सुरुवात करा: साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना साठ डॉलरचा आहे.

मॅक मिनीबद्दल बोललो नाही तर सल्ला अपुरा राहील. एम४ चा मॅक मिनी २०२४ च्या अखेरीस आला तेव्हा भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपयांपासून होती, १६ जीबी मेमरीसह. तो फार शांत आहे, ड्रायव्हरची भानगड कमी, आणि लॉजिक प्रो हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही. जुळवाजुळव नकोशी वाटत असेल, पुणे-मुंबईत राहत असाल आणि सॉफ्टवेअरची वाद्यं माफक वापरणार असाल तर तोच घ्या, मला वाईट वाटणार नाही. पण त्यातली मेमरी पुढे वाढवता येत नाही, आणि तुमचा वाद्यवृंद वाढत जाणार हे मी तुमच्या प्रश्नावरूनच ओळखतो. तालुक्याच्या गावी काही बिघडलं तर सुट्या भागांचा कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी उघडून एक भाग बदलता येतो, हेही माझ्या पारड्यात जड पडतं.

खरेदी एकाच दुकानातून केली तर भांडायला एकच माणूस राहतो, हे खरं. तरी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात जाताना मॉडेलची नावं कागदावर लिहून न्या, ‘त्याच्यासारखंच’ दुसरं घेऊ नका, आणि प्रत्येक भागाचं स्वतंत्र नाव आणि सिरीयल नंबर बिलात मागा. वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

जुळवून झाल्यावर पहिल्या संध्याकाळी गाणं रेकॉर्ड करू नका. बफर १२८ ला ठेवून वाद्यांचे वीस ट्रॅक उघडा आणि तासभर वाजत ठेवा. लेटन्सीमॉन शेजारी चालू असू द्या. मग सीलिंग फॅन बंद करा, फ्रिज शेजारच्या खोलीत असला तर त्याचंही ध्यान ठेवा, माइक जिथे गायक बसणार तिथे लावा, गाण्यासाठी ठेवाल तेवढाच गेन (साउंड कार्डवर माइकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा आणि दोन मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करा. ती फाइल वीस डेसिबल वाढवून हेडफोनवर ऐका. पंखा ऐकू आला तर कॉम्प्युटर हलवा, घूं ऐकू आली तर वायरमनला परत बोलवा. आणि तुमच्याकडे आधीपासून कुठला माइक आहे, खोली किती बाय कितीची आहे आणि गावात वीज किती तास जाते हे कळवलंत तर साउंड कार्ड आणि यूपीएसचं नेमकं मॉडेलही सांगतो.